ओठ न मिटता रामकथा

ओठाला ओठ न लावता 'राम' हे नाव उच्चारून पाहावे. जमत नाही. 'रा'पर्यंत सारे ठीक चालते, पण 'म' म्हणायला ओठ मिटावेच लागतात. प, फ, ब, भ आणि म ही पाच व्यंजने ओष्ठ्य, म्हणजे ओठांतून उमटणारी. अठराव्या शतकात बारामतीच्या एका पुराणिकाने ती वर्ज्य करून एक रामायण रचले. त्याचे नाव 'निरोष्ठ रामायण'. म्हणजे कथा रामाची सांगायची आणि रामाचे नाव मात्र घ्यायचे नाही! बरे, अडचण एकट्या रामाची नाही. भरत 'भ'पाशी अडतो, लक्ष्मण आणि हनुमान 'म'पाशी अडतात, बिभीषण तर लागोपाठ दोनदा अडतो. मोकळेपणी उच्चारता येतात ती दशरथ, सीता, जानकी, लंका अशी मोजकी नावे. बाकी साऱ्यांना त्यांच्या नात्यांनी, गुणांनी किंवा कृत्यांनी ओळखायचे. नावाची सरळ वाट बंद केली, की भाषेला आडवाटेने जावे लागते. आडवाटेने जाता जाता जे हाती लागते, त्यालाच शास्त्रकारांनी अलंकार म्हटले.

हा पुराणिक म्हणजे मोरोपंत रामचंद्र पराडकर. परंपरा त्यांच्या नावावर १०८ रामायणे घालते. ती सगळीच आज उपलब्ध नाहीत. जी आहेत ती पाहिली तरी माणूस थक्क होतो. आणि थक्क झालेला माणूस दोनच प्रश्न विचारतो : हे कसे केले आणि हे कशाला केले? पहिल्या प्रश्नाचे उत्तर पंडितांनी भरपूर दिले आहे. दुसऱ्याचे उत्तर मात्र पंतांच्या आयुष्यातच शोधावे लागते.

पन्हाळगड ते बारामती

मोरोपंतांचा जन्म १७२९ साली पन्हाळगडावर झाला. घराणे मूळचे कोकणातले. वडील रामाजीपंत, आई लक्ष्मीबाई. पन्हाळ्यावरच केशव पाध्ये आणि गणेश पाध्ये या विद्वानांकडे त्यांचे अध्ययन झाले. काव्य, व्याकरण, अलंकार, वेदान्त असा तो अभ्यास. त्या काळच्या अध्ययनात पुस्तक उशाशी ठेवून चालत नसे. जे शिकायचे ते कंठात असावे लागे. शब्दांचे पर्याय, वृत्तांचे गण, अलंकारांची लक्षणे, सारे मुखोद्गत. पुढे पंतांच्या हाती शब्दांची जी रास सदैव तयार दिसते, तिचे मूळ या पाठांतरात आहे.

वयाच्या चोविशीच्या सुमारास ते बारामतीला आले आणि मग जन्मभर तिथलेच झाले. बारामती हे बाबूजी नाईक जोशी यांचे ठाणे. नाईक हे पेशवाईतले बडे सावकार आणि सरदार. त्यांचे धाकटे बंधू आबाजी नाईक हे बाळाजी विश्वनाथांचे जावई, म्हणजे पेशव्यांशी सोयरीक. तरीही १७४० साली थोरले बाजीराव वारले तेव्हा नानासाहेबांना पेशवाईची वस्त्रे मिळू नयेत म्हणून खटपट करणाऱ्यांत बाबूजी नाईकच पुढे होते. अशा दबदब्याच्या घरी मोरोपंतांना पुराणिकाची जागा मिळाली.

पुराणिकाचे काम वरवर साधे वाटते. चौरंगावर पोथी ठेवायची, संस्कृत श्लोक वाचायचा आणि समोर बसलेल्यांना मराठीत त्याचा अर्थ सांगायचा. समोर कोण बसलेले असे? वाड्यातले स्त्री-पुरुष, आश्रित, कारकून, गावकरी. संस्कृत कळणारे त्यांत थोडे. श्लोक वाचताना त्यांच्या कानावर नाद पडे आणि अर्थ सांगताना नाद हरपे. रोज हेच चाले : नाद एका भाषेत, अर्थ दुसऱ्या भाषेत. हे काम वर्षानुवर्षे करणाऱ्या कवीला नाद आणि अर्थ दोन्ही एकाच मराठी ओळीत बांधावेत असे वाटले, तर त्यात नवल नाही. पंतांच्या साऱ्या काव्याकडे मी तरी या चौरंगामागून पाहतो.

त्यांच्या हयातीत महाराष्ट्रावरून केवढी वादळे गेली! पानिपत झाले तेव्हा ते बत्तिशीच्या आतबाहेर होते. नारायणरावांचा खून, बारभाईंचे कारस्थान, इंग्रजांशी पहिले युद्ध, सारे त्यांच्या डोळ्यांदेखत घडले. पण त्यांच्या मोठ्या काव्यांचे विषय पुराणातलेच राहिले. कऱ्हेच्या काठी बसून त्यांनी महाभारत, भागवत, हरिवंश आणि रामायण मराठीत आणले. 'कृष्णविजय', 'मंत्रभागवत', 'हरिवंश', 'आर्याभारत' ही त्यांतली ठळक नावे. एकट्या 'आर्याभारता'त अठरा पर्वांची कथा सुमारे १७ हजार आर्यांत आली आहे.

आर्या आणि कानाची वाट

मोरोपंत म्हटले की आर्या आठवते. वामनाचा श्लोक, तुकोबांचा अभंग, ज्ञानोबांची ओवी आणि मोरोपंतांची आर्या अशी वाटणी मराठी माणसाने केव्हाच करून टाकली आहे. पण पंतांची आर्या ही काटेकोरपणे पाहता संस्कृतातली आर्या नव्हे. तिचे शास्त्रीय नाव गीति. दोघींतला फरक एका बोटावर मोजण्याइतका, परिणाम मात्र मोठा.

हिशेब असा. लघु अक्षराची एक मात्रा, गुरू अक्षराच्या दोन. संस्कृत आर्येच्या पहिल्या अर्धात १२ आणि १८ मिळून ३० मात्रा असतात, दुसऱ्या अर्धात १२ आणि १५ मिळून २७. म्हणजे दुसरी ओळ तीन मात्रा आखूड. गीतीत दोन्ही अर्ध सारखे, तीस-तीस मात्रांचे. संस्कृत आर्येला शेवटी यमक लागत नसे, त्यामुळे ओळ आखूड असली तरी बिघडत नसे. मराठी कानाला मात्र ओवी-अभंगांपासून यमकाची सवय. यमक ठरल्या जागी पडले तरच ते कानाला गोड लागते. पहिली ओळ जिथे संपली, तितक्याच चालीनंतर दुसरी संपली पाहिजे. दोन्ही पारडी समान असलेली गीति म्हणूनच यमकाला सोयीची. पंतांनी हेच वृत्त धरले आणि त्यात यमक घट्ट बसवले. एका अक्षराच्या यमकावर ते क्वचितच समाधान मानतात. दोन, तीन, कधी चार अक्षरे जुळवतात.

यमक या शब्दाचेही दोन अर्थ आहेत. आपण शाळेत कवितेच्या ओळींचे शेवट जुळले की त्याला यमक म्हणतो. संस्कृत अलंकारशास्त्रात यमकाचा अर्थ अधिक कडक आहे : तीच अक्षरे, त्याच क्रमाने पुन्हा यावीत, पण अर्थ निराळा असावा. उदाहरण म्हणून आपल्या रोजच्या बोलण्यातला एक शब्द घेऊ. 'वारकरी' म्हणजे पंढरीची वारी करणारा. हाच शब्द मधे तोडला तर होतो 'वार करी', म्हणजे घाव घालतो. एका ओळीच्या शेवटी पहिला आणि दुसऱ्या ओळीच्या शेवटी दुसरा ठेवला, तर कानाला दोन्ही सारखेच लागतात. मन मात्र दचकते. ज्याच्या हाती टाळ होते त्याच्या हाती एकदम तलवार दिसू लागते. हे यमक. आणि शब्द एकदाच वापरून त्याच ठिकाणी दोन्ही अर्थ मनात उभे केले, तर तो श्लेष. एकात कान आधी ओळखतो आणि मन मागून येते. दुसऱ्यात मन एकाच उंबरठ्यावर दोन घरे पाहते.

पंतांच्या आधी शंभर वर्षे वामन पंडितांनी यमकांचा असा सपाटा लावला की लोकांनी त्यांना यमक्या वामन म्हणून टाकले. या नावात कौतुक आहे, तशी थोडी थट्टाही आहे. मोरोपंत त्याच वाटेने चालले, पण त्यांनी यमकाला कथेच्या कामाला जुंपले. छापखाना नव्हता. पोथी नकलून घ्यायची तर कागद, शाई आणि लेखनिक यांचा खर्च. सामान्य माणसाच्या घरी महाभारत पोहोचणार ते कानावाटेच. आणि कानावाटे आलेले टिकायचे तर त्याला खुंटी हवी. यमक ही ती खुंटी. आर्येचा पहिला अर्ध आठवला की शेवटची अक्षरे दुसऱ्या अर्धाचा शेवट ओढून आणतात आणि तो शेवट मधल्या शब्दांना हाक मारतो. मात्रा मोजलेल्या असल्यामुळे मधे भलता शब्द शिरला तर चाल अडखळते आणि चूक तिथल्या तिथे कळते. आज आपण मजकुराच्या प्रती जपतो. त्या काळी मजकूर स्वतःलाच जपत असे.

आपल्या म्हणींचेही असेच आहे. अति तेथे माती, करावे तसे भरावे, आधी पोटोबा मग विठोबा : या कोणी पाठ केल्या? कोणीच नाही. त्या यमकाच्या बळावर आपोआप राहिल्या. अलंकारांचेही तेच. पोटात कावळे ओरडतात असे म्हटल्यावर कोणी पक्षी शोधत बसत नाही. मुकाट्याने पान वाढतो. म्हणजे लक्षणा कळायला शास्त्र लागत नाही. शास्त्र लागते ते कळलेल्या गोष्टीला नाव द्यायला.

कीर्तनाच्या रंगणात

पंतांच्या आर्या बारामतीच्या वाड्यात अडकून पडल्या नाहीत, याचे मोठे श्रेय कीर्तनकारांचे आणि त्यांतही रामजोशी यांचे. सोलापूरचा हा शाहीर. घरची परंपरा विद्वत्तेची, ओढा मात्र तमाशाच्या फडाकडे. त्याच्या लावण्यांतली शब्दकळा पाहिली की संस्कृतचा व्यासंग जागोजाग दिसतो. पुढे तो कीर्तनाकडे वळला. त्याच्या कीर्तनातून पंतांच्या आर्या गावोगाव पोहोचल्या, असे परंपरा सांगते. दोघांच्या भेटीच्या कथाही सांगितल्या जातात. त्यांतला तपशील बाजूला ठेवला तरी एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. देवघरातला पुराणिक आणि फडावरचा शाहीर यांना जोडणारा धागा कोणता? तो शब्दाच्या नादाचा. डफावर ज्याचा कान तयार झाला, त्याला गीतीच्या मात्रा समजावून सांगाव्या लागल्या नाहीत.

कीर्तनात आर्या कशी म्हणतात, हे ज्यांनी ऐकले आहे त्यांना यमकाचे खरे काम कळते. बुवा पहिला अर्ध म्हणतात आणि थांबतात. त्याच अर्धाची पुनरावृत्ती करतात. निरूपण करतात. प्रसंग रंगवतात. द्रौपदी सभेत उभी आहे, भीष्म खाली मान घालून बसले आहेत. श्रोत्यांचा कान पुढच्या यमकाची वाट पाहत असतो. काही जाणते श्रोते मनात अंदाज बांधतात. मग बुवा दुसरा अर्ध म्हणतात. यमक पडते आणि अंदाज बरोबर आला तर आनंद, चुकला तर दुप्पट आनंद. तीच अक्षरे, पण अर्थ भलताच! सभेतून दाद येते ती त्या क्षणी. पुस्तकात मात्र दोन्ही अर्ध एकाखाली एक छापलेले असतात. डोळा एका झटक्यात दोन्ही पाहतो. वाट पाहणे संपते आणि वाट पाहण्याबरोबर अर्धी कविताही संपते. मोरोपंत अवघड वाटतात याचे निम्मे कारण हे आहे, की आपण त्यांना डोळ्यांनी वाचतो.

उरलेले निम्मे कारण मात्र पंतांकडेच जाते. ते नाकारण्यात अर्थ नाही. यमक साधण्यासाठी त्यांनी पुष्कळदा कोशाच्या तळातले संस्कृत शब्द वर काढले, मराठी शब्दांची मोडतोड केली, वाक्यातली पदे इकडची तिकडे केली. कथा ऐन रंगात आली असताना मधेच एखादे यमक दारात आडवे पडते आणि त्याला ओलांडून जावे लागते. टीकाकारांनी त्यांना शब्दांचा कारागीर म्हटले ते अगदी अकारण नाही. पण कारागीर हा शब्द शिवीसारखा वापरण्यापूर्वी त्याने घडवलेली वस्तू कोणाच्या किती पिढ्या कामी आली, हे पाहावे.

एकशे आठ वेळा तीच कथा

आता पुन्हा रामायणांकडे येऊ. पंतांनी एकच कथा इतक्यांदा का सांगितली? प्रत्येक रामायणाला त्यांनी एक नवी अट घातली. 'दामरामायणा'त एका चरणाच्या शेवटची अक्षरे पुढच्या चरणाच्या आरंभी येतात, हारातल्या फुलांसारखी. दाम म्हणजे हार. 'मंत्ररामायणा'त रामाचा तेराक्षरी मंत्र गुंफलेला आहे. जो नुसता कथा ऐकतो त्याला कथा मिळते. जो अक्षरांवर लक्ष ठेवतो त्याच्याकडून नकळत जप होतो.

'परंतु रामायणा'त पद्यापद्यातून परंतु हा शब्द येतो. ऐकताना हा पोरखेळ वाटतो. पण क्षणभर थांबून रामकथा आठवावी. राज्याभिषेक ठरला, परंतु वनवास आला. सोन्याचा मृग दिसला, परंतु तो मारीच निघाला. लंका जिंकली, सीता मिळाली, परंतु अग्निपरीक्षा उरली. अयोध्येला परतले, परंतु सीतेला पुन्हा वनात जावे लागले. सबंध रामायण या एका शब्दावर वळण घेत गेले आहे. मोरोपंतांनी तो शब्द उचलून समोर ठेवला. अट खेळकर, पण तिने कथेचे मर्म उघडे केले. सगळ्याच अटींना असे मर्म सापडते असे नाही. काही ठिकाणी अट पाळण्यातच कवीची शक्ती खर्ची पडते. जिथे सापडते तिथे मात्र ते सरळ सांगण्याने सापडले नसते.

आणि 'निरोष्ठ रामायण'? आपल्याकडे बायका नवऱ्याचे नाव घेत नसत. उखाण्यात ते घ्यायचे तेही यमक जुळवून, आढेवेढे घेत. नाव टाळल्याने माणूस दूर जात नाही. ते न घेता त्याच्याविषयी बोलायचे तर त्याचे सारे आयुष्य आठवावे लागते : कोणाचा मुलगा, कोणाचा भाऊ, त्याने काय केले, काय सोसले. नाव एका क्षणात उच्चारून होते. नावाभोवतीची प्रदक्षिणा मात्र सावकाश होते आणि ज्याचे नाव टाळले तोच सारा वेळ मनात राहतो. दिवसभर पुराण सांगणाऱ्या पंतांच्या तोंडी रामनाम शेकडो वेळा येत असणार. सवयीने आलेल्या नावाला धार राहत नाही. म्हणून ओठांना बंदी. हा अर्थ माझा आहे. पंतांनी तसे कुठे लिहून ठेवलेले नाही. पण एकच कथा पुन्हा पुन्हा, दर वेळी नव्या अटीने सांगणाऱ्या माणसाला त्या कथेचा कंटाळा येऊ द्यायचा नव्हता, एवढे तरी नक्की.

मोर, मेघ आणि केका

उतारवयात मात्र या शब्दप्रभूने एक असे काव्य लिहिले की त्यात तो स्वतःच उभा आहे. ते 'केकावली'. पृथ्वी वृत्तातले १२१ श्लोक आणि अखेरीस स्रग्धरेतला एक. केका म्हणजे मोराची हाक, आवली म्हणजे ओळ. मोराच्या हाकांची ओळ.

मोर कोण? कवी स्वतः. मोरो हे नाव मोरेश्वरावरून आलेले. बारामतीवरून वाहणाऱ्या कऱ्हेच्याच काठी मोरगाव आहे आणि तिथे मयूरेश्वर आहे. पंत आपल्या काव्यात स्वतःला मयूर म्हणवतात. आणि मोर हाक कोणाला मारतो? मेघाला. हा मेघ म्हणजे देव. कृष्णाला आपण घनश्याम म्हणतोच. घन म्हणजे ढग. ढग जे देतो ते पाणी आणि पाण्याला संस्कृतात जीवन असेही नाव आहे. म्हणजे भाषेनेच ही सारी नाती आधी जुळवून ठेवली होती : कवीच्या नावात मोर, देवाच्या नावात ढग, पाण्याच्या नावात आयुष्य. पंतांनी त्यांतून एक रूपक उभे केले आणि सबंध काव्य त्याच्या छायेत ठेवले.

रूपक आणि उपमा यांतला फरक शाळेत एका ओळीत सांगतात : उपमेत एक वस्तू दुसरीसारखी असते, रूपकात ती दुसरीच होते. व्याख्या बरोबर आहे. पण त्या फरकाने काय बदलते, ते 'केकावली'त कळते. मी मोरासारखा हाक मारतो आहे असे म्हटले असते, तर सारखा या शब्दाआड कवीला उभे राहता आले असते. थोडे अंतर उरले असते. मीच मोर, तूच मेघ असे म्हटल्यावर अंतर उरत नाही. मग हक्क येतो, रुसवा येतो, भांडण येते. अजामिळ आणि गजेंद्र यांना तारणारा तू, मग माझ्याच वेळी उशीर का, अशा धाटणीने हा वृद्ध पंडित देवापुढे वाद मांडतो. 'संशयरत्नमाले'तही त्याने मनातल्या शंकांची माळच देवापुढे ठेवली आहे. पाऊस आणणे मोराच्या हाती नसते. हाक तेवढी त्याच्या हाती असते. जन्मभर शब्दांवर हुकमत गाजवलेल्या माणसाने स्वतःसाठी हेच रूपक निवडावे, यात त्याची नम्रता दिसते.

'केकावली'तही यमके आहेत. पृथ्वी वृत्ताच्या चरणात १७ अक्षरे असतात आणि आठव्या अक्षरावर विसावा. सत्संगाची मागणी करणारा जो श्लोक अनेकांनी प्रार्थनेत म्हटला आहे, त्यात या विसाव्यावरही यमक पडते आणि चरणाच्या शेवटीही. मागणी एकामागून एक येते आणि यमक तिला टाळीसारखे धरून राहते. तो म्हणताना लहान मुलांना अलंकार माहीत नसतात, वृत्त माहीत नसते. चाल मात्र चुकत नाही.

शके १७१६च्या चैत्री पौर्णिमेला, १५ एप्रिल १७९४ रोजी, बारामतीतच मोरोपंतांचे निधन झाले. दोनच महिन्यांपूर्वी पुण्याजवळ वानवडीला महादजी शिंदे गेले होते. मराठेशाहीचा एक मोठा आधार तिकडे तुटला. इकडे कऱ्हेकाठी एक पुराण संपले.

गुणांचा अलंकार

पंतांच्या मागे त्यांच्या कवितेला नवे श्रोते मिळाले ते छापखान्यामुळे. परशुरामतात्या गोडबोले यांनी १८५४ साली 'नवनीत' हा वेचा प्रसिद्ध केला आणि मोरोपंत शाळेत गेले. दादोबा पांडुरंग तर्खडकर या व्याकरणकाराने १८६५ साली 'केकावली'वर 'यशोदा पांडुरंगी' ही टीका लिहिली. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 'निबंधमाले'त त्यांच्या कवितेचा कैवार घेतला आणि ल. रा. पांगारकरांनी त्यांचे सविस्तर चरित्र लिहिले. पुढे केशवसुतांच्या पिढीने कवितेची वाटच बदलली. मुक्तछंद आला, यमक ऐच्छिक झाले. हे व्हायला हवे होते. प्रत्येक काळाचा कान निराळा असतो.

नुकसान झाले ते दुसरीकडे. मोरोपंत शाळेत गेले, पण कीर्तन त्यांच्याबरोबर गेले नाही. आर्या फळ्यावर आली, तिच्या मात्रांवर खुणा झाल्या, खाली रेघ मारून अलंकार ओळखा म्हणून प्रश्न आला. मुलाने यमक लिहिले की गुण मिळतात; ते यमक कानाला काय करते, हे विचारायला वेळ नसतो. उपमा, रूपक, उत्प्रेक्षा, श्लेष ही नावे तोंडपाठ असलेला विद्यार्थी कविता हाती आली की बिचकतो. आजीच्या म्हणी आणि उखाणे ऐकत वाढलेला माणूस यांतले एकही नाव न शिकता अर्थाला भिडतो. अलंकार ओळखणे आणि अलंकार कळणे या दोन गोष्टी आहेत. पहिली परीक्षेपुरती, दुसरी जन्माची. भाषेतली आडवाट ज्याला कळत नाही त्याची फजिती कवितेपुरती राहत नाही. पुढाऱ्याचे भाषण, जाहिरातीतला श्लेष, घरातल्या माणसाचा टोमणा, मित्राच्या तोंडून थेट न आलेले दुःख, या साऱ्यांपुढे तो बहिराच राहतो.

उपाय मोठा नाही. मोरोपंतांची कुठलीही एक आर्या घ्यावी. दुसरी ओळ हाताने झाकावी. पहिली मोठ्याने दोनदा म्हणावी, शेवटची अक्षरे कानात घोळू द्यावीत. ती अक्षरे पुन्हा कोणत्या अर्थाने येतील, याचा अंदाज करावा. मग हात काढावा. अर्थ लागला नाही तर कोश आहेच. पण कोश उघडण्याआधी कानाला त्याची पाळी द्यावी. बारामतीच्या वाड्यात, चौरंगासमोर बसलेल्या आपल्या पूर्वजांना ही पाळी रोज मिळत होती. त्यांच्यापैकी अनेकांना अक्षरओळखही नव्हती. कविता मात्र त्यांना कळत होती.